निवडून काढलेली विमानं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेमधे मला स्वतःलाच रडू येतं, आणि मग ऐकणाऱ्याची पंचाईत होते. चहा घ्या. साखर कमी आहे, ह्यांच्यामुळे आम्ही घरादारानं कमी साखरेचे झालोय. तर ऐका, माझ्या हातून काय झालं ते. हातून म्हणते, कारण डोकं त्यात नव्हतंच.

आमचे हे पाटबंधारे खात्यात कारकून होते. निवृत्त झाल्यावर आम्ही वारूळवाडीच्या घरात राहायला आलो, आणि ह्यांनी हळूहळू बोलणंच सोडलं. म्हणजे ‘वाढ’ आणि ‘पंखा बंद कर’ एवढं सोडून. मुलगी नाशिकला दिलेली, घरात आम्ही दोघंच. सकाळी उठून खिडकीपाशी बसायचे ते दिवेलागणीपर्यंत. बाहेर बघतायत म्हणावं तर बाहेर बघण्यासारखं काय, समोरच्यांची पाण्याची टाकी. नारायणगावच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि सांगितलं, साखर सोडली तर शरीराला काही झालेलं नाही, मन कशात तरी रमवा.

आता मला काय येतं? मला व्रतं येतात. मी सोळा सोमवार केले, प्रदोष धरले, संकष्टी तर होतीच. साबुदाण्यानं माझं वजन वाढलं, ह्यांचं मन होतं तिथंच.

नाही म्हणायला एक आशेची जागा होती. दर गुरुवारी अवसरी खुर्दहून एसटीनं बबन भावजी यायचे. भावजी हवाई दलात फिटर होते, ह्यांचे शाळेपासूनचे मित्र. दोघांना एकच नाद, विमान टपालाच्या तिकिटांचा. पूर्वी परदेशी पत्रांवर लावायची ना, विमानाचं चित्र असलेली, ती. ह्यांनी नोकरीत जिथं जिथं बदली झाली तिथल्या जुन्या बाजारातून, कुणाकुणाला पत्रं लिहून, ती जमवलेली. गुरुवारी अल्बम उघडायचा, दोन डोकी त्यावर वाकायची, हातात भिंग आणि चिमटा. तेवढे दोन तास ह्यांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत यायचा. मी गुरुवारी मुद्दाम स्टील न वाजवता भांडी घासायची, तो आवाज ऐकायला.

मला एवढंच माहीत की तिकिटं दुर्मिळ आहेत. दुर्मिळ म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. आणि ह्यांनी सांगितलं नाही. पैठणी दुर्मिळ म्हणजे जुनी, न विरलेली, काठ शाबूत असलेली. तिकीटही तसंच असणार. तुम्ही सांगा, ह्यात माझं काय चुकलं?

हो, कधीकधी कानावर यायचं. हे म्हणायचे, “बबन, ही चूक बघ.” पण कसं म्हणायचे? तर अगदी खोल गेलेल्या आवाजात. आमच्या ह्यांचा चेहरा देवानं असा घडवलाय की लग्नाच्या फोटोतही तेराव्याला बसल्यासारखे दिसतात. आनंद झाला तरी तोच चेहरा, दाढ दुखली तरी तोच. मला वाटायचं, बिचाऱ्यांच्या तिकिटांत चुका निघतायत, आणि जीव तुटतोय.

श्रावण आला. मी शंकराला लाख अक्षता वाहायचा संकल्प सोडला, ह्यांचं मन उभारी धरावं म्हणून. लाख अक्षता म्हणजे ताटात तांदूळ घ्यायचा आणि एकेक दाणा पारखायचा. अखंड असेल तो देवाचा. टोक मोडलेला, चिरलेला, डाग असलेला, तो बाजूला. तो चिमण्यांना. माझं माहेर पार पश्चिमेला डोंगरात, भातखाचरांच्या गावात. कणी ओळखायला मला चष्मा लागत नाही, बोटांनाच कळतं. देवापुढे खंडित काही जात नाही. तुटका दाणा नाही, भोक पडलेलं बेलाचं पान नाही, चिरलेली सुपारी नाही. हे माझ्या हाडात आहे.

आणि त्याच श्रावणात पत्र आलं. पुण्यात तिकिटांचं मोठं प्रदर्शन भरणार होतं आणि त्यात ह्यांच्या अल्बमला जागा मिळाली होती. ह्यांनी पत्र वाचलं, घडी केली, पुन्हा उघडून वाचलं. चेहरा अर्थात तेराव्याचाच. पण त्या दिवशी खिडकीपाशी बसले नाहीत. अंगणात जाऊन कढीपत्त्याला पाणी घातलं. मला देवघरात जाऊन रडू आलं.

प्रदर्शनाआधी मोतीबिंदू काढून घ्यावा असं ठरलं. मुलगी नाशिकहून आली आणि ह्यांना पुण्याला घेऊन गेली. मी घरी राहिले, कारण माझ्या लाख अक्षतांची समाप्ती त्याच आठवड्यातल्या सोमवारी होती.

आता इथून पुढं जरा सांभाळून ऐका.

समाप्तीच्या पूजेला मला वाटलं, अल्बम देवापुढं ठेवावा. हळदकुंकू वाहावं, बेल ठेवावा, म्हणावं महादेवा, ह्यांच्या एवढ्याशा सुखाला दृष्ट लागू देऊ नकोस. मी कपाटातून अल्बम काढला, पाटावर ठेवायच्या आधी सहज उघडून बघितला, आणि समई जवळ ओढून पुन्हा बघितला.

अहो, काय तिकिटं होती ती. एकावर विमान उलटं, चाकं आभाळाकडं. एकावर अक्षरं दोनदा छापलेली, ताप आल्यावर दिसतात तशी. एकाचा लाल रंग चौकटीबाहेर सांडलेला. एकाच्या कडेची भोकं पार चित्राच्या मधून गेलेली. आणि एकावर तर, सांगते, विमानच नाही. नुसते ढग. विमानाचं तिकीट आणि विमानच छापायचं राहिलेलं.

मला सगळा उलगडा झाला. ह्यांना डोळ्यानं दिसत नव्हतं. मोतीबिंदू का आज झालाय? गेली कित्येक वर्षं कुणीकुणी ह्यांच्या गळ्यात हा फुटका माल मारला असणार. आता ऑपरेशन होणार, स्वच्छ दिसणार, आणि पहिलं काय दिसणार तर हे. वर हे पुण्यात चार लोकांत मांडायचं? आणि माझ्यापुरतं बोलायचं तर, हे मी महादेवापुढं कसं ठेवणार?

मी ताट घेतलं. ह्यांचाच चिमटा घेतला. आणि लाख अक्षता निवडलेल्या माझ्या ह्या हातांनी अल्बम निवडायला बसले.

अखंड ते आत, खंडित ते ताटात. इतकं मन लावून निवडलं की एक सुटलं नाही. जिथं जागा रिकामी झाली तिथं चांगली तिकिटं सरकवून घेतली, रंगाला रंग लावून. पानं अशी दिसायला लागली जशी चैत्रगौरीची आरास. मग अल्बम देवापुढं ठेवला, बेल वाहिला, आणि मनातल्या मनात म्हटलं, बघा, बायको असावी तर अशी.

काढलेल्यांचं काय करायचं? केरात टाकवेना. एकावर देवळाचं शिखर होतं, एकावर कुठल्याशा राणीचा मुखवटा, कुणाच्या पायाखाली यायला नको. नि कागद काही चिमण्या खात नाहीत. मग पूजेच्या निर्माल्याबरोबर पिशवीत घातली आणि मीना नदीच्या घाटावर गेले. हल्ली निर्माल्य नदीत सोडू देत नाहीत, ते चांगलंच आहे. घाटावर मोठं पिंप ठेवलंय, बचत गटाच्या बायका त्याचं खत करतात. मी पिशवी रिकामी केली, पिंपाला नमस्कार केला आणि घरी येऊन उपास सोडला.

हे परत आले ते डोळ्याला काळा चष्मा आणि दिवसातून चारदा थेंब. वाचायचं नाही, वाकायचं नाही. पुढच्या गुरुवारी बबन भावजी आले ते ह्यांना पेपर वाचून दाखवायला. अल्बम बंदच. मीही काही बोलले नाही. मला वाटलं, स्वतःच बघतील तेव्हा कसे चकित होतील.

झाले.

काळा चष्मा उतरला त्या दिवशी मी आत पुरणाची डाळ शिजत घातली होती. बाहेर अल्बम उघडल्याचा आवाज आला. मी पदराला हात पुसत दाराशी उभी राहिले, कौतुक ऐकायला. हे पानं उलटत होते. पुढं गेले, मागं आले, परत पुढं गेले. मग अल्बम मिटला आणि म्हणाले,

“चोरी झाली.”

मी म्हटलं, “कशाची?”

“जी खरी होती त्यांची. सगळी चांगली तिकिटं गेली. नेमकी तीच.”

आता बघा. ‘चांगली’ म्हणाले. मी तर चांगली सगळी आत ठेवली होती, माझ्या हातानं. म्हणजे त्या आत ठेवलेल्यांपेक्षाही चांगली काही असणार, मी उघडायच्या आधीच गेलेली. माझ्या डोळ्यासमोर सोनेरी काठाची विमानं आली. मी काढलेल्या फुटक्या मालाचा आणि ह्या चोरीचा काही संबंध असेल असं माझ्या स्वप्नातही आलं नाही. आणि डॉक्टरांनी सांगितलेलं, डोळ्यावर ताण नको, मनावर ताण नको. मग आत्ताच कशाला सांगा, तुमचा अल्बम मी उघडला होता म्हणून? गप्प बसले.

हे अल्बम पुन्हा उघडून पानं मोजत बसले. तासाभरानं म्हणाले, “अल्बमला माझ्याशिवाय एकाच माणसाचा हात लागतो.”

मी म्हटलं, असं मनात आणू नका. पण ह्यांना आठवलं, ऑपरेशनच्या आदल्या गुरुवारी हे आंघोळीला गेले होते आणि बबन भावजी एकटे अल्बमपाशी होते. फोन लावला. फोनवर काय बोलले ते मी सांगत नाही, थोडंच होतं, पण ते थोडंच फार होतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं बबन भावजी दारात. आत आले नाहीत. अंगणात खाटेवर स्वतःची पिशवी उपडी केली. चष्म्याचं घर, शेंगदाण्याची पुडी, औषधाची पाकिटं, छत्री. म्हणाले, “आण्णा, ही पिशवी घेऊन मी तुझ्याकडं येतो. बघून घे.” हे खिडकीतून हलले नाहीत.

मी चहा घेऊन बाहेर गेले. माझा स्वभाव मऊ, सगळ्यांचं भलं व्हावं असं वाटतं. आणि त्या मऊपणानंच मी काय केलं, ऐका. हळूच म्हटलं, “भावजी, चुकून आली असतील तुमच्याबरोबर. माणसाच्या हातून होतं. मला आणून द्या, मी कुठं सापडली ते ह्यांना कळू देणार नाही.”

ते माझ्याकडं बघत राहिले. चहा खाटेवर ठेवला.

“वहिनी,” ते म्हणाले, “तुमी बी?”

एवढंच. सामान पिशवीत भरलं आणि गेले. चहावर साय धरली तरी मी कप उचलला नाही.

त्यानंतर गुरुवार यायचा आणि जायचा. घरात आवाज म्हणून नाही. प्रदर्शनाला ह्यांनी नकार कळवला. पुन्हा ती खिडकी, पुन्हा ती टाकी. जेवण अर्धं राहायला लागलं. मला रात्रंदिवस एकच वाटायचं, माणसाचा एकुलता एक मित्र कुणा चोरामुळं गेला. कोण असेल तो पापी? मी लेण्याद्रीच्या गणपतीला नवस बोलले. गिरिजात्मजा, खरा चोर सापडू दे, भावजींवरचा आळ जाऊ दे. चोराला सद्बुद्धी दे, मी त्याला स्वतः घेऊन डोंगर चढून तुझ्या पायाशी आणीन.

आणि गणपती किती जागृत आहे बघा. आठ दिवससुद्धा लावले नाहीत त्यानं.

त्या गुरुवारी दुपारी हे अल्बम मांडीवर घेऊन बसले होते. उघडतही नव्हते, नुसता हात ठेवलेला. मला बघवेना. मी जवळ बसले, म्हटलं, “जाऊ द्या हो. गेली ती गेली. उरलीत ती तरी सगळी नीट आहेत. एकसुद्धा चुकीचं नाही त्यात.”

“चुकीचं म्हणजे?”

“म्हणजे उलट्या विमानांची वगैरे. ती मी काढली ना सगळी.”

हे माझ्याकडं वळले. कितीतरी दिवसांनी माझ्याकडं बघत होते, आणि नवीन डोळ्यानं, स्वच्छ.

“काढली?”

“देवापुढं ठेवायचा होता अल्बम. खंडित कसं ठेवणार?”

“ते... ज्यात विमानच नव्हतं...”

“नुसते ढग? हो, ते आधी काढलं. कुणीतरी फसवून दिलं होतं तुम्हाला.”

ह्यांनी डोळे मिटले. मग शाळेतल्या पोराला सांगावं तसं हळू सांगितलं, “अगं, चूक होती म्हणून तर मी ती घेतली. चुकांसाठीच जमवत होतो मी. बरोबर छापलेली पोत्यानं मिळतात.”

 मला वाटलं, आता विचारतील कुठं आहेत. विचारलंही. मी म्हटलं, “निर्माल्यात.”  ह्यांनी अल्बम मांडीवरून खाली ठेवला आणि म्हणाले, “मी बबनला चोर म्हटलं.”

तिकिटांचं नाव नाही काढलं. फक्त हे.

फोन करायचा ह्यांना धीर होईना, मग मीच केला. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, मी अंगणात काय बोलले होते त्याचीही माफी मागितली.   मग भावजी म्हणाले, “आण्णाला सांगा, पायात गमबूट घाल म्हणावं. निर्माल्यात हारांच्या तारा असत्यात. मी निघतोच.”

घाटावर गेलो तर पिंप रिकामं. ते कधीच खताच्या खड्ड्यात गेलं होतं. मग आम्ही तीन म्हातारी माणसं काठ्या घेऊन खड्ड्यात. झेंडू, बेल, केळीची पानं, सगळ्याचा काळा लगदा आणि तो वास. बचत गटाची एक बाई आली, म्हणाली, काकू, काय पडलं? मी म्हटलं, फार मोलाचं आहे हो. तिनं काय समजायचं ते समजलं. पाच मिनिटांत सगळा गट खड्ड्यात उतरला, कुणी घमेली घेऊन, कुणी चाळणी घेऊन. गावात बातमी की माझं गंठण निर्माल्यात गेलं. चाळून चाळून बायकांच्या पाठी मोडल्या तेव्हा एकीनं विचारलं, किती तोळ्याचं होतं? मी सांगितलं, तोळ्याचं नाही, कागदाचं. पोस्टाची तिकिटं.

सगळ्या थांबल्या. ती म्हणाली, “अहो काकू, पोस्टात नवीन मिळत्यात की.”

सापडलं एकच. बेलाच्या पानाला चिकटलेलं. ढगांचं होतं ते, ह्यांनी कडेच्या भोकांवरून ओळखलं. कारण ढगही धुऊन गेले होते. मळका कोरा कागद. ह्यांनी तो तळहातावर घेतला आणि उजेडाकडं धरून उभे राहिले.  मी तर मनात धरणीमातेला विनवत होते.

भावजींनी वाकून पाहिलं, भिंग काढलं, परत पाहिलं.

“आण्णा,” म्हणाले, “आता तर हे लई दुर्मिळ झालं. समदंच छापायचं राहिलंय.”

हे हसले नाहीत. पण तो कागद वरच्या खिशात ठेवला, आणि म्हणाले, “बबन, मी तुला—” भावजी म्हणाले, राहू दे, एसटी चुकंल.

भावजी पुन्हा गुरुवारी येतात. अल्बममधल्या बरोबर छापलेल्या तिकिटांवर दोन डोकी वाकतात, त्यात काहीतरी चूक निघते का बघत. पण निघताना भावजी पिशवी उपडी करतात खाटेवर. कुणी सांगितलेलं नाही. चष्म्याचं घर, शेंगदाणे, औषधं, छत्री. हे मान फिरवतात. मी म्हटलं, भावजी, हात जोडते, असं करू नका. ते म्हणाले, सवय लागली वहिनी, जाईल हळूहळू. जाईल, असं मीही म्हणते.

राहिला नवस. बोललेला नवस चुकवायचा नाही, मग चोर कुणी का असेना. आम्ही तिघं लेण्याद्रीला गेलो. पायऱ्या चढताना प्रत्येक पायरीवर मी थांबत होते, दमून म्हणा की लाजेनं म्हणा. वर गुरुजींनी नारळ हातात घेतला आणि विचारलं, नवस कशाचा? मी ह्यांच्यामागं सरकले. भावजींनी सांगून टाकलं, चोर सापडावा म्हणून बोलला होता, तो सापडला.

गुरुजींना फार आनंद झाला. “वा वा. मग काय केलंत त्याचं? पोलिसांत दिलात?”

मी पदर तोंडाला लावला. भावजी छताकडं बघायला लागले. आणि आमच्या ह्यांनी, त्याच तेराव्याच्या चेहऱ्यानं, सांगितलं,

“नाही. घरीच ठेवलाय. स्वयंपाक बरा करतो.”